दोन उघड्या मोटारी



आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो प्रथमदर्शनी चैनीचा वाटण्याचा संभव आहे. टप उतरविता येणारी, दोनच माणसांनी बसावयाची आणि केवळ वेगाच्या आनंदासाठी घडविलेली एक जुनी इंग्रजी मोटार, आणि रस्ता सोडून रानात, ओढ्यात, चिखलात शिरण्यासाठी घडविलेली तितकीच जुनी जीप, या दोहोंची तुलना मला करावयाची आहे. पहिलीचे उदाहरण म्हणून मी एम. जी. कंपनीची टी. सी. ही गाडी घेतो. ती १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडातील ॲबिंग्डन गावी तयार होत असे. दुसरीचे उदाहरण म्हणजे अर्थातच विलिस कंपनीची जीप. १९४१ पासून ती युद्धाच्या पाठोपाठ जगभर गेली.

मुदखेडच्या स्थानकाबाहेर उभे राहून असल्या तुलनेचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. मुदखेड हे लोहमार्गाच्या फाट्याचे गाव. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारा मार्ग येथून जातो आणि भोकर, किनवटवरून आदिलाबादकडे जाणारी शाखा येथेच फुटते. परंतु आगगाडीतून उतरलेल्या माणसाचा प्रवास स्थानकावर संपत नाही. त्याला आपल्या खेड्यापर्यंत पोहोचावयाचे असते, आणि ते पुढचे चार-सहा कोस कशात बसून काटावयाचे हा या भागातील पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न आहे. आगगाडीने जेथे हात टेकले तेथून बैलगाडी निघाली, आणि बैलगाडीला जे साधेना ते पुढे जीपने उचलले. म्हणून ही तुलना मुंबईच्या समुद्रकाठच्या गुळगुळीत रस्त्यावर न करता येथल्या काळ्या मातीवर करावी, असे मला वाटते. मोटार कोणत्या वाटेसाठी घडविली आहे हे तिच्या अंगाप्रत्यंगावर लिहिलेले असते. आपण फक्त ते वाचावयास शिकले पाहिजे.

नवलाची गोष्ट ही की, या दोन गाड्यांची वंशावळ शोधीत मागे गेले तर ती एकाच लहानशा मोटारीपाशी येऊन थांबते. १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी इंग्लंडात ऑस्टिन सेव्हन नावाची छोटी, स्वस्त गाडी काढली आणि मध्यम स्थितीतल्या माणसाला प्रथमच मोटार परवडू लागली. तिला तोंड देण्यासाठी मॉरिस कंपनीने १९२८ साली आपली मायनर बाजारात आणली. आणि त्याच वर्षी सेसिल किंबर यांनी त्या मायनरच्या सांगाड्यावर होडीसारखे निमुळते, हलके अंग चढवून एम. जी. मिजेट सिद्ध केली. आपली टी. सी. ही या मिजेटचीच पुढची पिढी होय. इकडे अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया संस्थानातील बटलर गावच्या एका कारखान्यात हीच ऑस्टिन सेव्हन परवान्याने तयार होऊ लागली होती. तो कारखाना पुढे अमेरिकन बँटम या नावाने ओळखला जाऊ लागला.

१९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन सैन्याने १३५ कारखानदारांकडे एका हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली. चारही चाकांना जोर मिळाला पाहिजे, वजन बेताचे असले पाहिजे आणि नमुन्याची गाडी ४९ दिवसांत हजर झाली पाहिजे, अशा त्या अटी होत्या. एवढ्या घाईची अट पुरी करण्यास बँटमच पुढे सरसावली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने अवघ्या काही दिवसांत आराखडा तयार केला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी ती गाडी मेरीलँडमधील कँप होलाबर्डच्या तळावर सैन्याच्या स्वाधीन झाली. बँटम मात्र लहान पडली. मोठे काम विलिस आणि फोर्ड या दोघांकडे गेले, आणि युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. त्याउलट टी. सी. गाड्यांची एकूण संख्या सुमारे दहा हजार. एकाच आजोबाची दोन नातवंडे; एक सैन्यात भरती झाले, दुसरे शर्यतीच्या नादी लागले, असे विनोदाने म्हणता येईल.

या नात्याची खूण आजही दोन्ही गाड्यांच्या अंगावर दिसते. दोन्हींचा पाया म्हणजे शिडीसारखा पोलादी सांगाडा. दोन्हींमध्ये पुढे व मागे आडवे, अखंड कणे आणि त्यांवर पोलादी पट्ट्यांच्या कमानी, ज्यांना आपले मिस्त्री ‘पाटे’ म्हणतात. दोन्हींना चार नळकांड्यांचे पेट्रोलचे एंजिन. दोन्हींना डोक्यावर कापडी टप आणि दोन्हींची पुढची काच बॉनेटवर आडवी निजविता येते. दोन्हींचे जादा चाक मागे, उघड्यावर टांगलेले. बसणाऱ्याच्या सुखसोयीविषयी दोन्ही सारख्याच बेफिकीर. टी. सी.चे एंजिन १२५० घनसेंटिमीटरचे व सुमारे ५४ अश्वशक्तीचे, तर जीपचे २१९९ घनसेंटिमीटरचे व ६० अश्वशक्तीचे. लांबीही जवळजवळ सारखी. दोन्ही अकरा-साडेअकरा फुटांच्या आसपास. म्हणजे केवळ कागदावरील आकडे पाहणाऱ्याला या दोन सख्ख्या बहिणीच वाटतील.

मग फरक कोठे पडला? तो जमिनीपासूनच्या उंचीत, चाकांत आणि गिअरांत पडला. टी. सी.च्या पोटाखाली सुमारे सहा इंच मोकळी जागा असते, तर जीपखाली सुमारे पावणेनऊ. पावणेतीन इंचांचा हा फरक डांबरी रस्त्यावर शून्य मोलाचा आहे. चाकोरी पडलेल्या गाडीवाटेवर मात्र तेवढ्यावरच गाडी पार जाणार की पोटावर बसणार हे ठरते. उलट टी. सी.ची बुटकी ठेवण ही तिची शक्ती आहे. गाडीचा भार जितका खाली, तितकी ती वळणावर स्थिर, आणि टी. सी. जीपपेक्षा सुमारे तीनशे किलो हलकी आहे. म्हणून एंजिन निम्म्याहून थोडे मोठे असूनही ती ताशी १२० किलोमीटरपर्यंत धावते, तर जीपची मजल १०५ च्या पुढे जात नाही, आणि तेवढ्या वेगात जीपमध्ये बसणे हे एक व्रतच ठरते.

दुसरा फरक जोराच्या वाटणीचा. टी. सी.मध्ये एंजिनाचा जोर केवळ मागच्या दोन चाकांना मिळतो, आणि तोही डिफरन्शिअल नावाच्या दंतचक्रांच्या जुळणीमधून. वळताना बाहेरचे चाक अधिक फिरावे, आतले कमी फिरावे, अशी सोय ही जुळणी करते. परंतु तिचा एक दुर्गुण आहे. ज्या चाकाला विरोध कमी त्यालाच ती फिरविते. एक चाक चिखलात रुतून गरगर फिरू लागले की दुसरे, कोरड्या जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते आणि गाडी जागची हलत नाही. मुसळधार पावसात शेताच्या बांधाशी अडकलेल्या गाडीभोवती जमलेल्या मंडळींनी हे दृश्य पुष्कळ वेळा पाहिले असेल. जीपमध्ये हाच जोर पुढच्या कण्यालाही देता येतो. तिच्या चालकाच्या उजव्या हाताशी नेहमीच्या गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन लहान दांडे असतात. एकाने पुढची चाके जोडावयाची, दुसऱ्याने वेग जवळजवळ निम्मा करून ओढ जवळजवळ दुप्पट करावयाची. अशी जोडलेली जीप माणसाच्या चालीने, न कुरकुरता, ओढ्याची दरड चढून जाते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण जुनी जीप चालविणारे पुष्कळ जण ती विसरतात. वळताना पुढची चाके व मागची चाके सारखे अंतर तोडीत नाहीत, आणि या जुन्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या कण्यांच्या दरम्यान हा फरक सामावून घेणारी जुळणी नाही. चिखलात चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. कोरड्या, कठीण रस्त्यावर चारही चाके जोडून वळणे म्हणजे यंत्राला आपल्याच अंगाशी झुंजावयास लावणे होय. तेव्हा चारही चाकांचा जोर ही संकटकाळची शिदोरी आहे, रोजची भाकरी नव्हे.

आपल्याकडच्या माणसाला हा भेद नवा नाही. मोटारी येण्यापूर्वीच आपण तो बैलांच्या वाहनांत करून ठेवला होता. कापसाचे बोझे वाहणारा जड गाडा वेगळा, लेकीबाळींना माहेरी आणावयाची हलकी दमणी वेगळी, आणि शंकरपटात धावणारी, केवळ दोन चाके व एक पाट एवढीच उरलेली छकडी आणखी वेगळी. छकडीवर कोणी धान्य भरीत नाही, म्हणून ती निरुपयोगी असे कोणीही म्हणत नाही. ती बैलांचा आणि हाकणाऱ्याचा कस पाहते. उंच, अरुंद चाकांचा गाडा काळ्या चिखलातून कसा पार जातो आणि हलकी छकडी वाऱ्यासारखी कशी सुटते, हे ज्याने पाहिले त्याला जीप आणि टी. सी. यांतील फरक समजावून देण्यास मोठ्या यंत्रशास्त्राची गरज नाही.

तेव्हा वेगाच्या गाडीची केवळ श्रीमंताचे खेळणे म्हणून हेटाळणी करणे अन्यायाचे होईल. टी. सी.मध्ये बसलेल्या माणसाला आपण काय करतो आहोत हे प्रत्येक क्षणी कळत असते. सुकाणू किंचित वळले की पुढची चाके तत्काळ उत्तर देतात. रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळहाताला जाणवतो. कोणत्या वळणावर केव्हा गिअर बदलावा यात चूक झाली तर गाडी लपवाछपवी न करता ती दाखवून देते. युद्धानंतर इंग्लंडात काही काळ राहिलेले अमेरिकन शिपाई आपल्या देशात अवाढव्य, मऊ गाद्यांच्या मोटारी उभ्या असताना या कडक, अरुंद, उजव्या सुकाणूच्या गाड्यांवर लुब्ध झाले, ते याच कारणामुळे. सुखाची तहान मोठ्या गाडीने भागते. कौशल्याची तहान भागविण्यास लहान, प्रामाणिक गाडी लागते.

आता ही दोन्ही वाहने आषाढातल्या एखाद्या दिवशी मुदखेडच्या शिवारात उतरवून पाहू. नांदेडकडे जाणाऱ्या पक्क्या रस्त्यावर टी. सी. पुढे निघून जाईल आणि जीप मागे हेलकावत राहील, यात शंका नाही. परंतु रस्ता सोडून पाणंदीला लागले की खेळ पालटतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते. ओली झाली की ती चाकाच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत गोळा होऊन जाते. टी. सी. तेथे शंभर पावलेही जाणार नाही. जीप पुष्कळ पुढे जाईल. पण खोल काळ्या चिखलात तिचीही मर्यादा येते, आणि मग शेजारच्या शेतातून बैलजोडी सोडून आणावी लागते, हेही सत्य सांगितले पाहिजे. जीपचे खरे राज्य आहे ते येथून उत्तरेला, किनवट-माहूरच्या डोंगराळ, सागवानी मुलखात. तेथे खडक आहे, चढ आहे, नाल्याचे पात्र आहे. आणि तेथे तिच्या त्या दोन जादा दांड्यांचे सार्थक होते.

मराठवाड्याला जीपची ओळख झाली ती इतिहासाच्या एका मोठ्या घटनेच्या आसपास. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला संस्थानाने शरणागती पत्करली. त्या सैन्याच्या दिमतीला रणगाड्यांबरोबर जीपाही होत्या. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेचा आरंभ झाला आणि विकासगटाच्या अधिकाऱ्याची जीप हे खेड्यापाड्यांतून सरकारचे दृश्य रूप झाले. तहसीलदाराची जीप, हिवतापाच्या फवारणीचे साहित्य घेऊन येणारी जीप, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी जीप, अशा तिच्या नाना भूमिका या भागाने पाहिल्या. धुरळ्याचा लोट दिसला की कोणते तरी खाते गावात येत आहे, एवढे लहान मुलालाही कळे. येणाऱ्या खात्याचे स्वागत होई की नाही हा प्रश्न वेगळा. पण सरकार नावाची वस्तू पायी न येता जीपमधून येते, ही समजूत त्या काळात रुजली.

या जीपा पुढे आपल्याच प्रांतात तयार होऊ लागल्या. १९४५ साली महिंद्र अँड महंमद या नावाने पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली होती. फाळणीच्या वेळी भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथे ते पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे झाले. या कंपनीने विलिस जीपचे सुटे भाग परदेशातून आणून मुंबईस माझगाव येथे त्यांची जोडणी सुरू केली, आणि हळूहळू सगळी गाडीच येथे तयार होऊ लागली. टी. सी.च्या जातीच्या मोटारींचे नशीब मात्र उलट फिरले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधने आली. मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. ज्या थोड्या इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारी आधी येऊन पोहोचल्या होत्या त्या बंगल्यांच्या आवारात जपल्या गेल्या. पुढे पुष्कळ वर्षांनी, १९९८ साली, सॅन स्टॉर्म नावाची दोघांची, उघडी, फायबरग्लासच्या अंगाची गाडी आपल्या देशात निघाली. तिला रेनो कंपनीचे ११४९ घनसेंटिमीटरचे एंजिन होते; परंतु तिचा प्रसार फारसा झाला नाही. ज्या देशात एका गाडीत दहा माणसे बसविण्याची विवंचना आहे, तेथे दोघांची गाडी विकणे सोपे नव्हते.

जीपची विवंचना नेमकी याच्या उलट होती. तिच्याकडून सर्वांनी सर्व काही मागितले. सरकारी सेवेतून लिलावात निघालेली जीप खेड्यात आली की तिचा दुसरा जन्म सुरू होई. पेट्रोल परवडत नाही म्हणून तिचे मूळ एंजिन काढून डिझेलचे बसवीत. माणसे अधिक मावावीत म्हणून मागचा भाग लांबवीत, बाके बसवीत, वर लोखंडी टप चढवीत. पुढे कमांडरसारख्या लांब जीपा कारखान्यातूनच आल्या, आणि काळ्या-पिवळ्या रंगाच्या जीपा तालुक्याच्या गावापासून वाडी-तांड्यापर्यंत माणसे वाहू लागल्या. आत मावतील तितकी आत, उरलेली मागच्या पायरीवर, असा तो हिशेब असे. तो धोक्याचा होता, कायद्याला धरून नव्हता, हे निर्विवाद. पण रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात पोहोचली, बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी वेळेवर गेली, शिकणारी पोरे शाळेपर्यंत गेली, तीही त्याच पायरीवरून, हेही तितकेच निर्विवाद आहे.

येथे मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जुनेपणाचा मान कोणाला द्यावयाचा? इंग्रजी शौकिनांच्या काटेकोर परिभाषेत ‘व्हिंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० या काळातील मोटार. त्या हिशेबाने आपल्या दोन्ही गाड्या व्हिंटेज ठरत नाहीत. परंतु आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज वाहन’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन त्यात येते. त्याला ‘व्ही. ए.’ ही अक्षरे असलेला निराळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क पडते. आणि असे वाहन रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालविता येत नाही. हे सर्व ठीकच आहे. परंतु आणखी एक अट आहे. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असले पाहिजे, आणि त्याच्या सांगाड्यात, अंगात किंवा एंजिनात मोठा फेरबदल झालेला नसला पाहिजे.

या अटीसमोर आपल्या दोन गाड्या उभ्या करून पाहा. टी. सी. सहज उत्तीर्ण होते. ती सावलीत राहिली, रविवारी सकाळी बाहेर निघाली, तिचे दोन कार्ब्युरेटर आणि तारांची चाके जशीच्या तशी आहेत. जीप बहुधा अनुत्तीर्ण होते. तिचे एंजिन बदललेले, अंग लांबविलेले, सांगाड्याला जागोजाग जोड मारलेले. जिने काम केले नाही तिचे रूप शाबूत राहिले. जिने काम केले तिचे रूप कामातच गेले. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. जुन्याच्या नावाखाली कोणी भलतेच वाहन रस्त्यावर आणू नये, यासाठी अशी अट लागतेच. परंतु परिणाम असा होतो की, विश्रांती घेतलेल्या गाडीला मान मिळतो आणि राबलेल्या गाडीला भंगाराची वाट दाखविली जाते.

सरकारी जीपांची स्थिती तर याहून बिकट आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. सैन्य व अंतर्गत सुरक्षेची काही खास वाहने सोडली तर बाकी सर्व वाहने नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढावयाची आहेत. धूर कमी व्हावा, अपघात टळावेत, हा त्यामागचा विचार योग्य आहे आणि त्याला विरोध करावा असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच की, मोडीत जाण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्याने आपल्या जुन्या सरकारी जीपांपैकी निदान एक निवडून ठेवावी. ती चालविण्यासाठी नव्हे, केवळ पाहण्यासाठी. तिचे एंजिन बदललेले असेल तर तसेच असू द्यावे. पत्र्याला ठिगळे असतील तर ती घासून-रंगवून लपवू नयेत. कोणत्या खात्यात किती वर्षे, कोणत्या भागात ती फिरली, हे शेजारी एका पाटीवर लिहावे. माझ्या मते जिल्ह्याच्या इतिहासाला तिच्याइतका बोलका साक्षीदार क्वचितच सापडेल.

ज्यांच्या अंगणात अशी खाजगी जीप आजही उभी आहे, त्यांनाही एक सांगावेसे वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनात केलेला महत्त्वाचा फेरबदल नोंदणीपुस्तकात चढवावा लागतो. एंजिन बदलले त्या वेळची नोंद, पावती, जुना क्रमांक, लिलावाचा कागद, हे सर्व टाकून देऊ नका. आज ती केवळ पिवळी पडलेली कागदपत्रे वाटतील. पण गाडीने काय काय सोसले आणि कोणाकोणासाठी सोसले, याचे ते एकमेव चरित्र आहे. शौकीन माणूस टी. सी.चा मूळ स्क्रू जपतो. जीपच्या मालकाने मूळ स्क्रूच्या ऐवजी तो का बदलला याची हकीकत जपावी. मूळपणा हे जसे एक मूल्य आहे, तसेच सेवा हेही आहे, आणि ती गाडीच्या अंगावरच्या बदलांतूनच वाचावी लागते.

दैवाचा आणखी एक खेळ पाहण्यासारखा आहे. एम. जी. हे नाव आज एका चिनी कंपनीच्या मालकीचे आहे, आणि त्या नावाची सायबरस्टर ही विजेवर चालणारी, टप उघडणारी, दोघांची मोटार २०२५ साली आपल्या देशात विक्रीस आली. दुसरीकडे जीपच्या परंपरेतील थार ही गाडी २०१० साली निघाली, २०२० साली तिचे दुसरे रूप आले, आणि ती नाशिकला तयार होते. तिला घडी करता येणारे कापडी छप्परही मिळत असे. शहरातील तरुण ती घेतात ते धान्य वा माणसे वाहण्यासाठी नव्हे. वारा तोंडावर घेण्यासाठी, डोंगरावर जाण्यासाठी, मौजेसाठी घेतात. म्हणजे जी हौस एके काळी टी. सी.ने भागविली ती आज जीपची नात भागविते. तिच्या नावाचा जो दबदबा आहे तो मात्र तिने स्वतः मिळविलेला नाही. जुन्या जीपांनी गावोगावच्या गाडीवाटांवर जे वर्षानुवर्षे मिळविले, त्याची ती वारसदार आहे.

तात्पर्य, कोणती गाडी श्रेष्ठ, हा प्रश्न रस्ता सांगितल्याखेरीज विचारता येत नाही. पक्क्या, वळणाच्या, मोकळ्या रस्त्यावर टी. सी.सारखी सोबत नाही. मनुष्याच्या हाताला व डोळ्याला ती जे शिकविते ते जीप शिकवू शकणार नाही. जेथे रस्ताच नाही, तेथे जीपशिवाय गत्यंतर नाही, आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागात बराच काळ रस्ता नव्हता. दोन्ही जपल्या पाहिजेत. परंतु दोन्ही जपण्याची रीत एक नव्हे. टी. सी. जपावयाची ती जशी कारखान्यातून निघाली तशी. जीप जपावयाची ती जशी आपल्या कामातून निघाली तशी, तिच्या ठिगळांसकट, तिच्या परक्या एंजिनासकट, आणि पावलांनी झिजलेल्या त्या मागच्या पायरीसकट.